करारांचे बेट: मॉरिशस कसा घडला

मॉरिशसमध्ये उसाच्या फडात मध्येच काळ्या दगडांचे ढीग लागतात. काही कंबरेएवढे, काही घराएवढे, नीट रचून पायऱ्यापायऱ्यांचे केलेले. उसासाठी जमीन मोकळी करताना मजुरांनी हाताने वेचून काढलेले हे दगड. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला तो दगड ओळखीचा वाटेल, आणि त्याचे फारसे चुकणार नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त केंद्रातून दख्खनचा लाव्हा बाहेर पडला, त्याच केंद्रावरून पुढे समुद्राचा तळ सरकत गेला. त्यातून आधी लक्षद्वीप, मालदीव, चागोसची रांग उठली आणि 80-90 लाख वर्षांपूर्वी मॉरिशस वर आले. आज ते केंद्र शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. रत्नागिरीहून गेलेला मजूर परक्या देशात जे दगड उचलत होता, ते नात्याने त्याच्या गावच्याच कातळाचे.

मादागास्करच्या पूर्वेला, भर समुद्रात असलेले हे बेट 1,865 चौरस किलोमीटरचे आहे. पूर्वेला साडेपाचशे किलोमीटरवरचे रॉड्रिग्ज, उत्तरेचे आगालेगा आणि आणखी काही ठिपके धरले तरी देश 2,040 चौरस किलोमीटरच्या पुढे जात नाही. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या मध्यम जिल्ह्याहूनही कमी. सर्वांत उंच शिखर 828 मीटर. किनाऱ्याभोवती प्रवाळाचे कडे, मध्ये पठार. पठारावर क्युरपिप गावी पाऊस हटत नाही, तर खाली राजधानी पोर्ट लुईला घामाच्या धारा. 1860च्या दशकात मलेरियाने पोर्ट लुईत माणसे पटापट मरू लागली तेव्हा ऐपतदार कुटुंबे वर पठारावर सरकली. आजची दाट वस्तीची शहरे तिथे दिसतात, त्यामागे हे एक कारण आहे.

या बेटावर मूळचे असे कोणीच नाही. 1598 मध्ये डच उतरले तेव्हा तिथे माणूस नव्हता, डोडो पक्षी होता. डचांनी बेटाला आपल्या राजपुत्राचे, मॉरिसचे नाव दिले. 1639 मध्ये जावाहून ऊस आणला, हरणे आणली आणि 1710 मध्ये कंटाळून निघून गेले. डोडो तोवर संपला होता. 1715 मध्ये फ्रेंचांनी बेट घेतले आणि 1735 मध्ये आलेल्या ला बूर्दोने या गव्हर्नराने पोर्ट लुईचे बंदर उभे केले. राबायला मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणले.

इथून पुढचा इतिहास मला करारांच्या साखळीसारखा दिसतो. कुणाशी काय ठरले, कागदावर कोण होते आणि कोण नव्हते, एवढे पाहिले तरी आजचा मॉरिशस बराचसा उलगडतो.

पहिला कागद 1810चा. ऑगस्टमध्ये ग्रां पोरच्या आरमारी लढाईत फ्रेंचांनी इंग्रजांना हरवले. नेपोलियनच्या काळातला त्यांचा हा दुर्मीळ सागरी विजय पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेला आहे. पण डिसेंबर उजाडेपर्यंत इंग्रज मोठी फौज घेऊन परत आले आणि बेट पडले. शरणागतीच्या अटी मात्र फारच उदार होत्या: फ्रेंच मळेवाल्यांची मालमत्ता, भाषा, धर्म, कायदे आणि रीतीरिवाज जसेच्या तसे राहतील. इंग्रजांना हिंदी महासागरातला नाका हवा होता, मळ्यांमध्ये त्यांना रस नव्हता. आज तिथल्या संसदेचे कामकाज इंग्रजीत चालते, वर्तमानपत्रे फ्रेंचमध्ये निघतात, दिवाणी कायद्यात नेपोलियनची संहिता डोकावते आणि अखेरचे अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या न्यायपीठाकडे जाते; ही सरमिसळ त्या सत्तांतरातून आली. घरात आणि बाजारात बोलतात ती क्रिओल. ती कुठल्याच कागदाने दिलेली नाही, गुलामांच्या वस्तीत घडलेली आहे.

1825 मध्ये ब्रिटनने मॉरिशसच्या साखरेवरचे शुल्क वेस्ट इंडीजच्या साखरेइतके केले आणि बेट उसाने भरून गेले. दहा वर्षांनी, 1 फेब्रुवारी 1835 रोजी, तिथली गुलामी संपली. सुमारे 66 हजार माणसे मोकळी झाली. नुकसानभरपाईचे 20 लाखांहून अधिक पौंड आले, पण ते मालकांना. ज्यांचे आयुष्य गेले त्यांच्या हातावर दमडी पडली नाही. उलट काही वर्षे ‘शिकाऊ’ या नावाखाली त्याच मळ्यांत राबावे लागले.

गुलामी जाणार हे दिसताच मळेवाल्यांनी नवे मजूर आणायला सुरुवात केली होती. 2 नोव्हेंबर 1834 रोजी कलकत्त्याहून ‘ॲटलस’ जहाज 36 मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये, वर शिधा आणि कपडे. ‘ॲग्रीमेंट’चे आपल्या लोकांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले. मधली काही वर्षे ही भरती बंद होती, तरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांहून अधिक भारतीय या बंदरात उतरले. सुमारे एक तृतीयांश परतले, बाकीचे तिथलेच झाले. उतरण्याच्या घाटाच्या सोळा पायऱ्या अजून शाबूत आहेत. आप्रवासी घाट म्हणून 2006 मध्ये त्या जागतिक वारशात गेल्या.

गिरमिट म्हणजे गुलामी नव्हे, असे इंग्रज सांगत. कागदावर ते खरेही होते. पण एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायची, हा नियमही त्याच व्यवस्थेत होता. करार संपलेल्या मजुरालाही फोटो लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसला तर भटका म्हणून कोठडी. 1871 मध्ये आदोल्फ द प्लेवित्स या मळेवाल्याने नऊ हजारांवर मजुरांच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज गव्हर्नरला दिला, तेव्हा कुठे शाही आयोग बसला. त्याबद्दल त्याला पोर्ट लुईच्या रस्त्यात मारहाण झाली.

बहुतेक मजूर भोजपुरी मुलखातले, त्याखालोखाल मद्रासकडचे. मुंबई बंदरातून गेलेले कमी. त्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा भागांतले मराठी. आज मराठी समाज लोकसंख्येच्या दोन टक्क्यांहून कमी आहे, पण गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. गौरी-गणपतीत कोकणात जाखडी नाचतात, तो नाच तिथे ‘झाकरी’ म्हणून टिकून आहे. आडनावांची मात्र गंमत झाली. नोंदणीच्या कारकुनाने मजुराचे किंवा त्याच्या बापाचे नाव ऐकू आले तसे फ्रेंच वळणाच्या स्पेलिंगमध्ये लिहिले, आणि तेच पुढच्या पिढ्यांचे आडनाव ठरले. मोरे-कदम शोधायला जाल तर सखाराम, बाबाजी भेटतील. आपले गाव शोधायला निघालेले तिथले मराठी लोक मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जुन्या नोंदवह्या उघडून बसतात. क्रमांक, जहाज, वय, जात, अंगावरची खूण, आणि नशीब असेल तर गावाचे नाव.

मजुराचा शेतकरी कसा झाला, हा प्रकार तर फारच लक्षात ठेवण्यासारखा आहे. 1880च्या आसपास साखरेचे भाव पडले, तेव्हा मळेवाल्यांनी कडेच्या, कमी कसाच्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. सरदार, म्हणजे मजुरांचे मुकादम, आणि चार पैसे साठवलेले मजूर यांनी त्या घेतल्या. फ्रेंच घराण्यांना वाटले, नको असलेली जमीन गळ्यात मारली. पण त्या तुकड्यांतूनच छोटा ऊसउत्पादक जन्मला, त्याची मुले शाळेत गेली आणि पुढे मते मागायला उभी राहिली. गुलामांच्या वंशजांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला अशी जमीन आली. ते मळ्यांवरून निघून किनाऱ्याला, मासेमारीला, गोदीत गेले होते. आजही त्यांच्या, म्हणजे क्रिओल समाजात ती सल आहे. 1999 मध्ये काया हा लोकप्रिय गायक पोलीस कोठडीत मेला, तेव्हा ती दंगलींच्या रूपाने बाहेर पडली.

मतांची गोष्ट वेगळी. 1948 पूर्वी मतदान मूठभर मालमत्ताधाऱ्यांचे होते. नव्या घटनेने बेटावरच्या कुठल्याही भाषेत साधी वाक्ये लिहिता-वाचता येणाऱ्याला मत दिले. गावोगावी ‘बैठका’ होत्याच: संध्याकाळी जमण्याची, रामायण वाचण्याची जागा. बासदेव बिसुनदयाळ यांच्या जन आंदोलनाने तिथेच प्रौढांना सही करायला शिकवले. रात्री कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरवणारा ऊसतोड्या दिवसा मतदारयादीत नाव घालून आला. त्या निवडणुकीत भारतीय वंशाच्या उमेदवारांनी निवडून द्यायच्या बहुसंख्य जागा घेतल्या. मजूर पक्षाचे शिवसागर रामगुलाम पुढे आले ते याच लाटेत.

भारतीय बहुसंख्य होणार म्हटल्यावर इतरांच्या पोटात गोळा आला. 1967च्या निवडणुकीत स्वातंत्र्यविरोधी बाजूलाही चाळीस टक्क्यांहून अधिक मते होती, आणि 1968च्या जानेवारीत पोर्ट लुईत दंगल उसळून ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले. 12 मार्च 1968ला, दांडी यात्रेच्या तारखेला, स्वातंत्र्य आले. ते आले एका राजकीय तडजोडीसह. संसदेत 62 निवडून येतात आणि आठापर्यंत जागा ‘सर्वोत्तम पराभूत’ उमेदवारांना मिळतात, म्हणजे ज्या समाजाला प्रतिनिधित्व कमी पडले त्याच्या हरलेल्यांपैकी वरच्यांना. हिंदू, मुस्लिम, चिनी आणि ‘सर्वसाधारण’ (म्हणजे बाकीचे सगळे) असे चार कप्पे. हिशेबाला आधार मात्र 1972च्या जनगणनेचा, कारण पुढच्या जनगणनांतून समाजाचा रकानाच काढून टाकला. अर्ध्या शतकापूर्वीच्या आकड्यांवर आजच्या जागा वाटायच्या, हे हास्यास्पद आहे खरे. पण 1982, 1995 आणि 2024 मध्ये मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा एकाच आघाडीने घेतल्या, तेव्हा विरोधी बाकावर बसायला माणसे मिळाली त्यात या पद्धतीचा हात होता. हा समतोल किती नाजूक असतो ते 1998च्या नोटांनी दाखवले. नव्या नोटांवर हिंदी मजकूर तमिळच्या वर गेला. तमिळ समाज खवळला आणि नोटा परत घ्याव्या लागल्या.

आता पोटापाण्याचे. 1961 मध्ये जेम्स मीड या अर्थतज्ज्ञाने अहवाल दिला, त्याचा सूर असा की वाढती लोकसंख्या आणि एकटा ऊस यांचा मेळ बसणार नाही. मीड यांना पुढे नोबेल मिळाले, मॉरिशसचे भाकीत मात्र चुकले. ते चुकवले पुन्हा करारांनीच. 1975च्या लोमे कराराने युरोपने दरवर्षी पाच लाख टनांच्या आसपास साखर जागतिक भावापेक्षा कितीतरी चढ्या दराने घ्यायचे कबूल केले. तो जास्तीचा पैसा शाळा, दवाखाने आणि हॉटेलांत गेला. 1970च्या निर्यातक्षेत्र कायद्याने हाँगकाँगच्या कापडवाल्यांना करसवलत दिली. कारखान्यांत बाया कामाला लागल्या आणि ऐंशीच्या दशकाअखेर बेकारी जवळपास गेली. युरोपच्या बाजारात कोटा होता, म्हणून हे जमले. 2005 मध्ये कापडाचा कोटा संपला, 2009 मध्ये साखरेचा. 1973 मध्ये सात लाख टनांवर गेलेली साखर आता अडीच लाखांच्या आसपास रेंगाळते. साखर कारखाने चिपाडे जाळून वीज करतात आणि फडाच्या जागी बंगल्यांच्या वसाहती उठत आहेत.

मग आला भारताशी 1982चा करसंबंधी करार. भांडवली नफ्यावर कर लावण्याचा हक्क मॉरिशसकडे, आणि मॉरिशस तो लावत नाही. पोर्ट लुईत पत्ता घेतलेल्या कंपनीने मुंबईच्या बाजारात शेअर विकले तर कर कुठेच नाही! 2000 सालानंतरच्या पंधरा वर्षांत भारतात आलेल्या थेट परकीय गुंतवणुकीपैकी सुमारे एक तृतीयांश या चिमुकल्या बेटावरून आली, हे वाचून त्या काळी आपल्याकडे अनेकांच्या भुवया उंचावल्या. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यवहार वैध ठरवले. शेवटी 2016 मध्ये करार बदलला आणि 1 एप्रिल 2017 पासून घेतलेल्या शेअरवर भारत कर घेऊ लागला. दुसऱ्या खिशातून मात्र दिल्लीने बरेच दिले. आगालेगावरची नवी धावपट्टी आणि धक्का भारताने बांधला, फेब्रुवारी 2024 मध्ये त्याचे उद्घाटन झाले.

पर्यटन हा आजचा मोठा आधार. वर्षाला तेरा-चौदा लाख पाहुणे येतात. तो किती पातळ धाग्यावर लोंबतो ते जुलै 2020 मध्ये दिसले. ‘वाकाशिओ’ हे जपानी मालकीचे जहाज आग्नेय किनाऱ्याच्या प्रवाळावर चढले आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल सांडले. कोविडमुळे हॉटेले आधीच ओस. सरकार हलण्याची वाट न पाहता लोकांनी फडातले पाचट आणले, कापडाच्या लांब पिशव्यांत कोंबले, शिवले आणि पाण्यावर तरंगते बांध घातले. त्यात कापलेले केससुद्धा भरले.

एक कागद राहिला. 1965 मध्ये, स्वातंत्र्याची बोलणी चालू असतानाच, ब्रिटनने चागोसची बेटे मॉरिशसपासून तोडली आणि बदल्यात 30 लाख पौंड दिले. त्यांतल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ व्हायचा होता. 1968 ते 1973 दरम्यान तिथले दीड-दोन हजार रहिवासी उचलून पोर्ट लुई आणि सेशेल्सच्या धक्क्यावर सोडले गेले. त्यांची कुत्री मारून टाकण्यात आली. हे लोकही बहुतांशी मळ्यांवरच्या गुलामांचे वंशज. 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ब्रिटनने ताबा सोडावा असे मत दिले आणि 22 मे 2025 रोजी दोन्ही सरकारांनी तहावर सह्या केल्या: सार्वभौमत्व मॉरिशसचे, दिएगो गार्सियाचा तळ 99 वर्षे ब्रिटनकडे. सह्यांच्या आदल्या रात्री चागोसच्या दोन बायकांनी लंडनच्या न्यायालयातून तात्पुरती मनाई मिळवली होती. आम्हाला विचारलेच नाही, अशी त्यांची तक्रार. मनाई त्याच दिवशी उठली, आणि सह्याही त्याच दिवशी झाल्या.