बायोप्सीत दाह दिसला म्हणजे मायोसायटिसच, असं नाही

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात स्नायूच्या बायोप्सीचा (स्नायूचा छोटा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा) रिपोर्ट आला की शेवटची ओळ तेवढी वाचली जाते. तिथं ‘इन्फ्लमेटरी मायोपॅथी’ (दाह असलेला स्नायूचा आजार) लिहिलेलं असलं की मायोसायटिस ठरला आणि गोळ्या सुरू.

मायोसायटिसमध्ये प्रतिकारशक्ती स्नायूंवर उलटते, डिस्ट्रॉफी या स्नायू झिजण्याच्या आजारात जनुकच बिघडलेलं असतं. हे बहुतेकांना ठाऊक असतं. सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात उतरणारं एन्झाइम, दोन्हींत वाढतं.

घोळ होतो तो दाहाच्या पेशींवरून. स्नायूचे तंतू कशानंही मरोत, ते साफ करायला या पेशी येतातच. डिस्फर्लिन या प्रथिनाच्या अभावानं होणाऱ्या डिस्ट्रॉफीत तर त्या इतक्या दिसतात की पॉलिमायोसायटिस (मायोसायटिसचाच एक प्रकार) समजून रुग्णाला वर्षानुवर्षं स्टेरॉइड दिलं जातं. ताकद येत नाही. वजन आणि साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. याची मला फार चीड येते, कारण खुणा रुग्णाच्या बोलण्यातच असतात. तालमीत, मैदानात पुढं असलेला पोरगा विशीच्या आसपास म्हणतो, चवड्यांवर उभं राहता येत नाही. पोटऱ्या बारीक होतात, सीपीके हजारांत जातं, आणि हे सगळं वर्षानुवर्षं हळूहळू वाढतं. मायोसायटिस बहुधा काही आठवड्यांत, महिन्यांत बळावतो, मांड्या आणि खांदे आधी धरतो, आणि बऱ्याचदा स्टेरॉइडला दाद देतो.

‘आमच्या घराण्यात कुणालाच नाही’ म्हणून डिस्ट्रॉफी बाद करू नका. डिस्फर्लिनचा हा आजार रिसेसिव्ह आहे, म्हणजे आईवडील दोघंही धडधाकट वाहक असतात. आपल्याकडं मामाच्या मुलीशी, काही घरांत तर मामाशीच लग्न होतं. अशा नात्यात दोघांकडं तोच बिघाड असण्याची शक्यता वाढते. आईवडिलांचं नातं डॉक्टरांना न विचारता सांगा.

निकाल लागतो तो डिस्फर्लिनच्या स्टेनिंगवर (तुकड्याला रंग देऊन ते प्रथिन आहे का ते बघण्यावर) आणि रक्तातल्या जनुक तपासणीवर. तुकडा नुसता फॉर्मलिनमध्ये (तो टिकवण्याच्या रसायनात) टाकला तर एन्झाइमच्या तपासण्या होतच नाहीत. म्हणून तो लगेच गोठवण्याची सोय असेल तिथंच बायोप्सी करावी, असं माझं ठाम मत आहे. बेंगळुरूच्या निम्हान्ससारख्या ठिकाणी त्याची वेगळी प्रयोगशाळा आहे. जुन्या बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (जपून ठेवलेला तुकडा) मागून घ्या, नुसता कागद नेऊ नका. स्टेरॉइड चालू असेल तर मनानं एकदम थांबवू नका, ते धोक्याचं आहे. ‘डिस्फर्लिन बघितलं का?’ एवढं मात्र स्पष्ट विचारा.