आईचा आजार आणि मुलीचे बालपण

कळव्याच्या एखाद्या चाळीत राहणारी, नववीत शिकणारी मुलगी डोळ्यांसमोर आणावी. आईला स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार आहे, वडील पहाटेच्या लोकलने कामाला जातात. त्यामुळे आईच्या गोळ्या, धाकट्या भावाचा डबा आणि शेजाऱ्यांना द्यायचे ‘आईला जरा बरं नाही’ हे उत्तर, असे सारे तिच्याकडे आलेले असते. लोक तिला समजूतदार म्हणतात. तिला पडलेला प्रश्न मात्र ती कोणालाच विचारत नाही : मलाही हे होईल का?

सर्वसाधारण लोकसंख्येत आयुष्यभरात स्किझोफ्रेनिया होण्याची शक्यता सुमारे १ टक्का असते आणि आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असल्यास ती सुमारे १० टक्क्यांवर जाते. वाढ मोठी आहे खरी, पण याचा अर्थ अशा दहांपैकी सुमारे नऊ मुलांना हा आजार होत नाही. फिनलंडमध्ये पेक्का तिएनारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनिया असलेल्या मातांच्या, दुसऱ्या घरी दत्तक गेलेल्या मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेतला, तेव्हा आनुवंशिक धोका असलेल्या मुलांमध्येही आजाराचे प्रमाण ताणतणावाच्या घरांत जास्त आणि निकोप घरांत बरेच कमी आढळले. तसेच ताणाचे घर असूनही आनुवंशिक धोका नसलेल्या मुलांमध्ये हे प्रमाण फारसे वाढलेले दिसले नाही. म्हणजे केवळ रक्ताला किंवा केवळ संगोपनाला दोष देणारे, दोघेही अर्धेच बोलतात.

घरातील वातावरणाचा परिणाम किती लवकर सुरू होतो, हे एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात केलेल्या प्रयोगातून दिसले. बाळाशी खेळणाऱ्या आईने काही मिनिटे चेहरा निर्विकार ठेवला, की बाळ आधी हसून, हातवारे करून तिला बोलावू पाहते आणि प्रतिसाद मिळाला नाही की अस्वस्थ होऊन तोंड फिरवते. तीव्र नैराश्यात आईचा प्रतिसाद महिनोन्‌महिने मंदावू शकतो. अर्थात घरात आजी किंवा मावशी असेल, तर बाळाची हाक वाया जात नाही. प्रयोगशाळेतील एकट्या जोडीवरून सगळ्या घरांचा निष्कर्ष काढू नये.

सर्वांत आशादायक पुरावा उपचारांचा आहे. मायर्ना वाइसमन यांच्या गटाने २००६ मध्ये अमेरिकेतील नैराश्यावर उपचार घेणाऱ्या १५१ माता आणि त्यांच्या मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या माता तीन महिन्यांत नैराश्यातून बाहेर आल्या, त्यांच्या आधीच मानसिक विकार असलेल्या मुलांपैकी ३३ टक्के मुलांचा विकार त्या काळात ओसरला. इतर मातांच्या मुलांत हे प्रमाण १२ टक्के होते. मुलांवर वेगळा उपचार करणे हा या अभ्यासाचा भाग नव्हता.

आपल्याकडे २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार, रुग्णालयात दाखल झालेल्या आईपासून तिच्या तीन वर्षांखालील मुलाला एरवी वेगळे करता येत नाही. मोठ्या मुलांचा विचार मात्र डॉक्टरांनी आणि नातेवाइकांनीच करायचा असतो, आणि माझ्या मते आईच्या केसपेपरवर तिच्या मुलांची नोंद पहिल्याच भेटीत व्हायला हवी. मुले आजाराचा दोष अनेकदा स्वतःकडे घेतात. ‘हा आजार आहे, तुझ्या वागण्यामुळे झालेला नाही’ हे त्यांना मोठ्यांनी सांगावे लागते. हे कसे सांगावे, हे सुचत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही, नातेवाइकांना विचारता येते.