पुराभूकंपविज्ञान : भ्रंशावरील चर

भूकंपमापक यंत्रे जगभर बसू लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. एकाच भ्रंशावर (भूकवचातील ज्या भेगेवर दोन्ही बाजूंचे खडक सरकतात तिच्यावर) मोठे भूकंप मात्र शे-दोनशे, कुठे हजारो वर्षांच्या अंतराने होतात. यंत्रे आणि लेखी नोंदी यांच्या आधीचे भूकंप मातीच्या थरांतून शोधणारी शाखा म्हणजे पुराभूकंपविज्ञान. भ्रंशरेषेला आडवा, काही मीटर खोल चर खणणे ही तिची मुख्य पद्धत.

चराच्या भिंती खरवडून साफ करतात, त्यांवर दोऱ्यांची चौकट ताणतात आणि प्रत्येक थर, प्रत्येक भेग मापात कागदावर उतरवतात. भेग खालून वर येत एखाद्या थरापाशी थांबली आणि त्यावरचा थर अखंड असला, तर भूकंप या दोन थरांच्या मधल्या काळातला. दोन्हींतील कोळसा वा वनस्पतींच्या अवशेषांचे वय कार्बन-14 ने काढतात. हाती येते ती कालमर्यादा, तारीख नव्हे. दोन भूकंपांच्या मध्ये गाळ साचलाच नसेल, तर ते दोन्ही एकच वाटतात. म्हणून जागेची निवड निर्णायक ठरते.

कॅलिफोर्नियात सॅन अँड्रियास भ्रंशावरील पॅलेट क्रीक ही अशी नामी जागा. इथे दलदलीत पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा गाळ) आणि वाळू-खडीचे थर आलटून पालटून साचले. पुढे ओढ्याने पात्र खोल कापले, दलदल आटली आणि थर उघडे पडले. भूवैज्ञानिक केरी सीह यांनी इथल्या खोदकामाचे निष्कर्ष 1978 मध्ये प्रसिद्ध केले. भेगांबरोबरच, हादऱ्याने द्रवरूप होऊन वर उसळलेली वाळूही त्यांना थरांत सापडली. सर्वांत वरची खूण 9 जानेवारी 1857 च्या फोर्ट तेहोन भूकंपाची.

सीह आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये अधिक काटेकोर कालमापन मांडले. शेवटच्या दहा भूकंपांमधले सरासरी अंतर 132 वर्षे निघाले. पण ही सरासरी फसवी आहे : नऊपैकी पाच अंतरे शतकाहून कमी, तर तीन दोन ते तीन शतकांची. भूकंप दोन-तीनच्या गटाने येतात आणि मग भ्रंश दीर्घकाळ शांत राहतो. ‘दर इतक्या वर्षांनी’ या हिशेबाला त्यामुळे फारसा आधार उरला नाही.

महाराष्ट्रात किल्लारीच्या भूकंपानंतर (30 सप्टेंबर 1993) तिथेही चर खणून जुन्या हालचालींचा माग घेतला गेला. मात्र पॅलेट क्रीकसारखी पीटची थरावर थर साचलेली सलग वही तिथे नाही.