गुरगुरणाऱ्या कुत्र्याला दटावू नका

आम्ही कुत्र्यांची शिकवणी घेतो. आमच्याकडे येणारे बरेचसे फोन एकाच तक्रारीने सुरू होतात : "काही कारण नसताना चावला हो!" आम्ही विचारतो, आधी गुरगुरायचा का? उत्तर येतं, "पूर्वी फार. आम्ही ती सवय मोडली." खरं गाडं तिथेच अडलेलं असतं.

गुरगुरणं हा कुत्र्याचा इशारा, आणि तोही बराच उशिराचा. त्याआधी त्याने मान फिरवलेली असते, झोप नसताना जांभई दिलेली असते, नाक चाटलेलं असतं, चघळता चघळता तो एकदम थांबलेला असतो. घरच्यांच्या नजरेतून हे सगळं सुटतं, म्हणून तो आवाज काढतो. त्या आवाजावर चापट किंवा साखळीचा हिसका बसला की आवाज बंद होतो. भीती तशीच राहते. उलट वाढते, कारण पाहुण्यांचं मूल जवळ आलं की आपल्याला मार बसतो, एवढंच त्याच्या डोक्यात पक्कं होतं. पुढच्या वेळी तो न गुरगुरता थेट तोंड टाकतो.

असा कुत्रा आला की आमचं काम वाढतं आणि तुमच्या फेऱ्याही. भीती घालवायची तर त्याला काय खुपतंय हे कळावं लागतं, आणि सांगायचं तर त्याने सोडून दिलेलं असतं. गुरगुरणारा कुत्रा आम्हाला केव्हाही परवडला.

तर गुरगुरला की थांबा, मागे व्हा. मूल जवळ असेल तर त्याला शांतपणे बाजूला घ्या. तोंडात हाड असेल तर राहू द्या. "मग तो डोक्यावर बसेल ना?" नाही बसत. माघार त्या क्षणापुरती असते. शिकवायचं ते नंतर, तो निवांत असताना आणि त्याला सोसेल इतक्या अंतरावरून. पाहुणा दिसला की खाऊ सुरू, दिसेनासा झाला की बंद. पाहुणा आधी, खाऊ मागून. हा क्रम उलटला तर खाऊची पिशवी बघूनच कुत्रा सावध होतो. आवडता खाऊही तो घेईना, तर अंतर कमी पडतंय असं समजा.

कुत्र्याला 'मालक कोण' हे दाखवून द्यावं लागतं, ही समजूत बरीचशी लांडग्यांवरून आली. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिवासातल्या, वरचढ होण्यासाठी झगडणाऱ्या लांडग्यांची निरीक्षणं मांडली होती. पण रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ साली स्पष्ट लिहिलं. त्यातून कुत्रा म्हणजे लांडगा नव्हेच.

गळा आवळणारी साखळी, काट्यांचा पट्टा, विजेचा झटका देणारा पट्टा यांतलं काहीच आम्ही वापरत नाही. वेल्समध्ये तर झटक्याच्या पट्ट्यावर २०१० पासून बंदी आहे. "खाऊ देऊन काय, कोणीही शिकवेल," असंही ऐकतो. देऊन बघा! दोन-तीन सेकंदांचा उशीर झाला तरी बसल्याचं बक्षीस उठल्याला जातं. आमचे प्रशिक्षक आश्रयस्थानांतल्या घाबरलेल्या, मार खाल्लेल्या कुत्र्यांबरोबर राबून आलेत. ती नेमकी वेळ साधणं ते तिथे शिकले, आणि आमच्याकडे तुम्हालाही तेच शिकवतात. म्हणूनच पहिल्या भेटीला घरातली सगळी माणसं हवीत. एकाने खाऊ द्यायचा आणि दुसऱ्याने दटावायचं, असं चाललं तर आमची फी वाया जाईल.

कुत्रा अचानक गुरगुरायला लागला असेल तर आधी पशुवैद्यांना दाखवा. कान, दात, सांधे दुखत असले तरी कुत्रा हात लावू देत नाही. तो तपास झाल्याशिवाय आम्ही शिकवणी सुरू करत नाही.

येण्यापूर्वी शक्य असेल तर त्याचा घरातला व्हिडिओ पाठवा. जेवताना, दार वाजल्यावर, कोणी शेजारी बसल्यावर तो कसा असतो, तेवढं पुरे. व्हिडिओसाठी त्याला मुद्दाम गुरगुरायला लावू नका.