ऑक्सिडेशनची ग्लेझं आणि ‘कोन ६’चा घोळ: पार्श्वभूमी

लोणच्याची जुनी बरणी आठवा: वरचा भाग तपकिरी, खालचा मळकट पांढरा. तिचा नमुना इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा. १८३० च्या दशकात तिथे शिसं आणि मीठ टाळून फेल्डस्पार (एक खनिज) आणि झिंक ऑक्साइडवर बेतलेलं ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, आलं. झिंकला धुराची भट्टी सोसत नाही. रिडक्शनमध्ये, म्हणजे हवा कमी असलेल्या अशा धुराच्या भट्टीत, ऑक्साइडचा धातू होतो आणि तो ९०७ अंशांनाच वाफ होऊन उडतो. म्हणजे हे ग्लेझ मुळात ऑक्सिडेशनचंच, भरपूर हवेच्या भट्टीचं.

विसाव्या शतकातल्या स्टुडिओ पॉटरीने, म्हणजे कलाकारांच्या हाती घडलेल्या भांड्यांच्या परंपरेने, हा धागा सोडून दिला. तिचा आदर्श पूर्व आशियातला: सेलाडॉनचं फिकट हिरवं ग्लेझ, तेनमोकूचं काळं-तपकिरी, कोन १०, रिडक्शन. (कोन म्हणजे भट्टीत ठेवायचा मातीचा छोटा सुळका. ठरावीक उष्णता मिळाली की तो वाकतो; १० ला ६ पेक्षा जास्त उष्णता लागते.) तीच सूत्रं विजेच्या भट्टीत, म्हणजे ऑक्सिडेशनमध्ये, घातली की सेलाडॉन फिकट मधाळ निघायचं आणि तांब्याचा लाल हिरवा व्हायचा. त्यावरून ‘ऑक्सिडेशनचे रंग निर्जीव’ हा शेरा बसला. हा शेरा अन्यायाचाच. क्रोम-टिनचा गुलाबी रंग ऑक्सिडेशनशिवाय मिळत नाही: साधारण ५ टक्के टिन ऑक्साइड, क्रोम पाव टक्क्याहून कमी आणि भरपूर कॅल्शियम. त्यात झिंक मात्र नको, नाहीतर गुलाबीचा तपकिरी होतो.

१९७० च्या दशकात इंधन महागलं आणि घरगुती विजेच्या भट्ट्या पसरल्या. कोन १० ला भट्टीच्या तापणाऱ्या कॉइल लवकर झिजतात, म्हणून कुंभार कोन ६ वर उतरले. खरा घोळ इथून सुरू होतो.

‘कोन ६’ हे तापमान नाही. जर्मन कोन १८८६ चे, अमेरिकन १८९६ चे, आणि दोघांचे आकडे जुळत नाहीत. जर्मन ६ सुमारे १२०० अंशांचा. अमेरिकन ६ शेवटच्या टप्प्यात ताशी ६० अंशांनी चढवला तर १२२२ ला वाकतो, ताशी १५० अंशांनी चढवला तर १२४३ ला. सूत्र अमेरिकन पुस्तकातलं आणि भट्टी पायरोमीटर (भट्टीचा तापमापक) पाहून १२०० ला बंद केली, तर कपाच्या कडेवर बोट फिरवताच खरखर लागते. ग्लेझ पुरतं वितळलेलंच नसतं, आणि दोष जातो रेसिपीला. सूत्राशेजारी कोणता कोन, कोणत्या वेगाने, हे न छापणाऱ्यांनी नवशिक्यांची कितीतरी भांडी वाया घालवली आहेत.

उष्णता कमी झाली तेव्हा वितळवण्याचं काम बोरॉनवर आलं. कितीतरी कोन ६ ग्लेझं कॅलिफोर्नियातल्या एकाच बोरॉनयुक्त खनिजावर उभी होती. त्याचं रसायन पोत्यागणिक बदलायचं आणि ग्लेझची बादली जेलीसारखी घट्ट व्हायची. २००० च्या सुमारास त्याचा पुरवठा आटण्याची चिन्हं दिसली, तेव्हा लोक बोरॉन फ्रिटकडे वळले. फ्रिट म्हणजे आधीच वितळवून दळलेली काच, त्यामुळे तिचं प्रमाण स्थिर. खनिजाच्या जागी तेवढ्याच वजनाची फ्रिट टाकून मात्र भागत नव्हतं. चिकणमाती, सिलिका, कॅल्शियम सगळं नव्याने मोजावं लागलं, आणि या मोजणीतूनच कोन ६ ची आजची भरवशाची सूत्रं आली.