काम्पिओने आणि ब्यूसिंगेन: स्वित्झर्लंडच्या पोटातली दोन परकी गावं

स्वित्झर्लंडचा नकाशा मोठा करून पाहिला की दोन ठिपके खटकतात. दक्षिणेला लुगानो सरोवराच्या काठावर काम्पिओने दितालिया, उत्तरेला शाफहाउजेन या स्विस शहराजवळ ऱ्हाईनच्या काठावर ब्यूसिंगेन. पहिलं इटलीचं, दुसरं जर्मनीचं, आणि दोन्हींच्या चहूबाजूंनी स्वित्झर्लंड. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत आणि प्रवासाच्या व्हिडिओंत ही नावं जोडीनेच येतात. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: देश परका, पण व्यवहार सगळा स्विस. २०२० सालापर्यंत हे वाक्य ढोबळमानाने खपून जायचं. आता ते एका गावाला लागू पडतं, दुसऱ्याला नाही.

मुख्य मुलखापासून तुटलेले तुकडे आपल्याला नवे नाहीत. सांगली संस्थानच घ्या. मंगळवेढा एका टोकाला, शिरहट्टी भलत्याच टोकाला, शहापूर बेळगावला खेटून, तेरदाळ आणखी तिसरीकडे. मधे कुठे इंग्रजांचा मुलूख, कुठे दुसऱ्या संस्थानाचा. असे नकाशे कुणी बसून आखत नाही. वाटण्या, दानपत्रं, वतनं आणि भाऊबंदकी यांतून ते साचत जातात. या दोन गावांचंही तेच झालं. फक्त एकाचं मूळ दानपत्रात आहे आणि दुसऱ्याचं भाऊबंदकीत.

दानपत्र काम्पिओनेचं. इ.स. ७७७ मध्ये तिथल्या तोतोने नावाच्या जमीनदाराने मृत्युपत्रात आपली मालमत्ता मिलानच्या आर्चबिशपच्या नावे केली. पुढे ती संत आंब्रोजिओच्या मठाकडे गेली. १५१२ च्या सुमारास आजूबाजूचा प्रदेश, म्हणजे आजचा तिचिनो कँटन (स्विस राज्य), स्विस लोकांच्या ताब्यात आला. मठाचं वतन मात्र मठाकडेच राहिलं. नेपोलियनच्या धामधुमीत मठाची सत्ता संपली तेव्हा गाव लोम्बार्डीच्या बाजूला गेलं, आणि इटली एक झाल्यावर अर्थातच इटलीत. तिचिनोने अदलाबदलीचे प्रयत्न करून पाहिले होते. १८१४ मध्ये गावकऱ्यांना विचारलंही गेलं. त्यांनी नकार दिला.

ब्यूसिंगेनची गोष्ट जास्त रंगतदार आहे. गाव ऑस्ट्रियाच्या अधिपत्याखाली, पण जहागीर शाफहाउजेनच्या इम थुर्न घराण्याकडे. १६९३ मध्ये या घराण्यातल्या एबरहार्डला, प्रोटेस्टंट घराण्यातला असून तो कॅथलिकांकडे झुकतोय अशा संशयावरून, त्याच्याच नातलगांनी पळवून शाफहाउजेनला नेलं. तिथे त्याला कैदेत टाकलं. ऑस्ट्रियाने दबाव आणून काही वर्षांनी त्याला सोडवलं, पण अपमान विसरला नाही. १७७० मध्ये शेजारच्या राम्झेन आणि डॉर्फलिंगेन या गावांवरचे हक्क ऑस्ट्रियाने झुरिखला विकून टाकले. ब्यूसिंगेन काही विकलं नाही. शाफहाउजेनकरांना ते कायमचं सलत राहावं म्हणून ते राखलं, असं म्हणतात. मधली गावं स्विस झाली आणि ब्यूसिंगेन तुटलं. पुढे ते व्युर्टेम्बर्गकडे आणि मग बाडेनकडे गेलं, म्हणून आज जर्मनीत. उरलेल्या जर्मनीपासूनचं अंतर सर्वांत जवळच्या ठिकाणी जेमतेम ७०० मीटर.

गंमत म्हणजे इथल्या लोकांना स्वित्झर्लंडमध्ये जायचं होतं. पहिल्या महायुद्धानंतरच्या मतदानात तब्बल ९६ टक्के लोकांनी तसा कौल दिला. पण बदल्यात जर्मनीला देण्याजोगा भूभाग स्वित्झर्लंडकडे निघेना, म्हणून प्रकरण बारगळलं. थोडक्यात, ज्या गावाला बोलावणं आलं त्याने पाठ फिरवली आणि ज्याला यायचं होतं त्याला दार उघडलं नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्यूसिंगेनचा जर्मन सैनिक सुट्टीवर घरी निघाला की सीमेवरच्या जर्मन चौकीत शस्त्र जमा करायचा. पुढे डॉर्फलिंगेनला स्विस कस्टमवाले त्याला गणवेश झाकायला लांब कोट द्यायचे. तो अंगावर चढवून स्विस गावातून चालत जायचं, मग आपलं घर. तटस्थता अशीही सांभाळावी लागते!

त्याच युद्धात काम्पिओनेचं वेगळंच चाललं होतं. १९४३ च्या सप्टेंबरात इटलीने शरणागती पत्करली, उत्तर इटलीत जर्मनांच्या पाठिंब्याने मुसोलिनीचं नवं सरकार बसलं, आणि हे गाव अधांतरी राहिलं. १९४४ च्या जानेवारीत गावाने त्या सरकारशी संबंध तोडले. या उलथापालथीमागे अमेरिकी गुप्तचरांचा हात होता. मग पैसा स्विस, पुरवठा स्विस. टपाल तिकिटं तर गावाने स्वतःचीच छापली. युद्ध संपलं तरी ही घडी मोडली नाही. फोन स्विस, व्यवहार फ्रँकमध्ये, गाड्यांना तिचिनोच्या नंबरप्लेट, कस्टमच्या दृष्टीने गाव जणू स्वित्झर्लंडच. हे सगळं चालायचं म्हणून चालायचं. त्यामागे ब्यूसिंगेनसारखा रीतसर, गावापुरता केलेला करार नव्हता.

माझ्या मते दोन्ही गावांतला खरा फरक हाच. सरोवर की नदी, इटालियन की जर्मन, हे वरवरचं.

ब्यूसिंगेनबाबत पश्चिम जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांनी २३ नोव्हेंबर १९६४ रोजी करार केला. तो ४ ऑक्टोबर १९६७ ला अंमलात आला. त्या दिवसापासून गाव जर्मनीच्या सार्वभौमत्वाखाली, पण स्विस कस्टमच्या हद्दीत. करारात कोणता स्विस कायदा गावात लागू आणि कोणता नाही, दोन्हीकडच्या पोलिसांना काय करता येईल, हे लिहिलेलं आहे. तेव्हाच फेरेनाहोफ नावाचा आणखी एक चिमुकला जर्मन तुकडा, मोजून तीन घरांचा, स्वित्झर्लंडला देऊन टाकला. जर्मनी युरोपीय संघात आहे, पण ब्यूसिंगेन संघाच्या कस्टम हद्दीत नाही आणि मूल्यवर्धित कराच्या हद्दीतही नाही. दुकानात स्विस कर लागतो. कायदेशीर चलन युरो, पण खिशात फ्रँक. गावाला दोन पिनकोड, जर्मन ७८२६६ आणि स्विस ८२३८. फुटबॉल संघ स्विस लीगमध्ये खेळतो. गाड्यांची नंबरप्लेट गावाची स्वतंत्र, ‘बी-यू-एस’ अक्षरांची (यूवर दोन टिंबं), जर्मनीतल्या सर्वांत दुर्मिळ पाट्यांपैकी एक. सीमेवरच्या स्विस कस्टमवाल्याला गाडी पाहताक्षणी कळावं की ही आपल्याच हद्दीतली.

या व्यवस्थेला एक काटा आहे. किमती स्विस, प्राप्तिकर जर्मन. जर्मनीने करात काही सवलत दिली आहे, पण शाफहाउजेनमध्ये नोकरी करणाऱ्या तरुणाला हिशेब सोपा असतो. दोन किलोमीटर पलीकडे घर घेतलं की कर कमी. म्हणून तरुण निघून जातात आणि गावाचं सरासरी वय वाढत राहतं. लोकसंख्या सुमारे १,५००.

आता पुन्हा काम्पिओनेकडे, कारण तिथे कागद नसण्याची किंमत दिसते. सुमारे २,००० वस्तीचं हे गाव एका कॅसिनोवर जगत होतं. कॅसिनो पहिल्यांदा १९१७ मध्ये उघडला. परदेशी मुत्सद्द्यांनी तिथे यावं, खेळावं, बोलावं आणि आपण ऐकावं, असा त्यामागे हेतू होता म्हणे. तो लवकरच बंद पडला आणि १९३३ मध्ये पुन्हा सुरू झाला. गावाच्या नावापुढे ‘इटलीचं’ ही शेपटी आणि प्रवेशाशी कमान, दोन्ही मुसोलिनीच्याच काळातली. २००७ मध्ये तिचिनोचाच वास्तुरचनाकार मारिओ बोत्ता याने बांधलेली नवी अवाढव्य इमारत उघडली. सरोवरावरून पाहिलं तर आधी ती दिसते, गाव नंतर. एवढ्याशा वस्तीवर एवढा डोलारा मला तरी बेढब वाटतो.

कॅसिनोची मालक नगरपालिका, गावात सर्वांत जास्त नोकऱ्या देणाराही कॅसिनोच, आणि पालिकेचं उत्पन्न त्याच्यावर. २०१८ च्या जुलैमध्ये कॅसिनो दिवाळखोरीत निघाला. सुमारे ५०० नोकऱ्या गेल्या आणि पालिकाही आर्थिक डबघाईला आली. हे चालू असतानाच दुसरा धक्का आला. १ जानेवारी २०२० पासून काम्पिओने आणि लुगानो सरोवराचं इटालियन पाणी युरोपीय संघाच्या कस्टम हद्दीत घेतलं गेलं. हा निर्णय इटलीच्याच विनंतीवरून झाला. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जे गाव कस्टमच्या दृष्टीने स्विस होतं, त्याच्याभोवती एका रात्रीत खरी सीमा उभी राहिली. जायला-यायला रस्ता मात्र तोच, स्वित्झर्लंडमधून. हवाई अंतराने इटली एक किलोमीटरपेक्षाही जवळ, पण मधे डोंगर. गाडीने जवळच्या इटालियन गावाला जायचं तर चौदा-पंधरा किलोमीटरचा वळसा. गाड्यांच्या पाट्या बदलाव्या लागल्या, मागवलेल्या मालाचे कागद वाढले.

तरी पूर्ण इटालियनही झालं नाहीच. संघाच्या मूल्यवर्धित कराच्या हद्दीतून काम्पिओने अजूनही बाहेर आहे. तिथे स्थानिक उपभोग कर लागतो आणि त्याचे दर स्विस दरांशी जुळवून ठेवलेले आहेत. नाहीतर कमानीअलीकडचा दुकानदार कमानीपलीकडच्याशी टिकणार कसा? कॅसिनो २०२२ च्या जानेवारीत पुन्हा उघडला.

कुणी म्हणेल, करार असता तरी इटलीला तो मोडता आला असता. आला असता, पण समोर स्वित्झर्लंड दुसरा पक्ष म्हणून बसला असता, वाटाघाटी झाल्या असत्या. इथे बदलण्याचा निर्णय रोम आणि ब्रुसेल्स यांच्यात झाला. ब्यूसिंगेनबाबत बर्लिनला तसं करायचं तर आधी बर्नशी बोलावं लागेल.

आपल्याकडचे बहुतेक पर्यटक ऱ्हाईनचा धबधबा पाहायला शाफहाउजेनपर्यंत जातातच. ब्यूसिंगेन तिथून नदीच्या वरच्या अंगाला, अगदी जवळ आहे. उन्हाळ्यात शाफहाउजेनहून श्टाईन आम ऱ्हाईनकडे जाणाऱ्या बोटीही त्याच्यावरून जातात. काम्पिओनेला लुगानोहून बस जाते. शेंगेन व्हिसा असेल तर दोन्हीकडे पासपोर्ट कुणी तपासत नाही. खरेदीच्या वेळी मात्र फरक जाणवेल. ब्यूसिंगेनमध्ये घेतलेली वस्तू झुरिखला नेताना तुम्ही कस्टमची कुठलीही हद्द ओलांडत नाही. काम्पिओनेत घेतलेली वस्तू लुगानोला नेताना मात्र कायद्याने स्वित्झर्लंडमध्ये आयात करत असता. माणशी १५० फ्रँकच्या वर गेलात तर ती जाहीर करून कर भरायचा, मग कमानीपाशी विचारणारं कुणी असो वा नसो.