गेटवे ते बॅलार्ड इस्टेट: बंदराकाठची सकाळची पायी फेरी

नोंदणी केलेल्या ग्राहकांसाठी माहिती

अंतर साधारण साडेतीन किलोमीटर, चढ कुठेही नाही. बसत-उठत, बघत चालले तर अडीच ते तीन तास लागतात. सकाळी सातला गेटवेसमोरच्या बागेत, छत्रपती शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याजवळ भेटायचे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. फेरी बंदराकाठची असली तरी समुद्र दिसतो तो फक्त सुरुवातीला, गेटवेपाशी. पुढे सगळे बंदर भिंतीआड आहे. आधी नौदलाची गोदी, मग पोर्टाची. अर्ध्या वाटेत कोणीतरी हमखास विचारते, "समुद्र कुठे गेला?" म्हणून ज्यांना पाणी डोळे भरून बघायचे आहे त्यांनी थोडे आधीच या.

हा मुंबईचा पूर्व किनारा. चौपाटीवर सूर्य समुद्रात बुडतो, इथे तो समुद्रातून वर येतो. त्यामुळे सकाळी शहराच्या बाजूने गेटवेचा फोटो काढला की कमान काळी पडते. ताजच्या बाजूला कठड्याकडे सरका आणि तिरका फोटो घ्या, दगडाचा पिवळा रंग नीट येतो.

पाणी किती असेल, हे कोळ्यांच्या जुन्या हिशेबाने घरीच काढता येते. तिथी पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. म्हणजे अष्टमी ते दशमीच्या सकाळी आपण पोचतो तेव्हा पाणी पायऱ्यांना लागलेले असते. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती बाराच्या सुमारास, म्हणून सातला पाणी खाली गेलेले असते आणि शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात. त्या दिवसांत भरती-ओहोटीत साडेतीन-चार मीटरचा फरक पडतो. हिरव्या पायरीवर पाय ठेवू नका; दिसते कोरडी, असते साबणासारखी.

गेटवेची कमान 26 मीटर उंच. पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी 2 डिसेंबर 1911 रोजी याच पालवा बंदरावर उतरले, त्याची ही आठवण. गंमत अशी की त्यांना स्वागताला पुठ्ठ्याची प्रतिकृतीच दिसली. पायाचा दगड 1913चा, उद्घाटन 4 डिसेंबर 1924चे. पुढे 28 फेब्रुवारी 1948 रोजी शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीखालून बाहेर पडली. दगड मालाडजवळच्या खारोडीचा, जाळ्या ग्वाल्हेरच्या. जॉर्ज विटेट हे वास्तुकाराचे नाव लक्षात ठेवा, आज ते आणखी दोनदा भेटणार आहे. शेजारचे ताज 1903चे, त्याच्या आराखड्यामागे रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य हा आपला मराठी माणूस होता.

गेटवेला सुरक्षा तपासणी असते, म्हणून मोठ्या बॅगा आणू नका. 4 डिसेंबरच्या नौदल दिनाच्या सुमारास आवार काही वेळा बंद असते. तेव्हा आम्ही फेरी रीगल सिनेमापासून सुरू करतो.

रीगलच्या चौकात रस्ता ओलांडणे, या फेरीतला खरा अवघड भाग हाच. चारी बाजूंनी गाड्या वळतात आणि पहाटेच्या टॅक्सीवाल्यांना सिग्नल दिसतोच असे नाही. दोन टप्प्यांत ओलांडायचे, मधल्या बेटावर थांबायचे, पुढचा माणूस धावला म्हणून आपण धावायचे नाही.

चौक ओलांडला की वस्तुसंग्रहालय. विटेट दुसऱ्यांदा. घुमटाची धाटणी विजापूरच्या गोल घुमटाची, भिंतीत कुर्ल्याचा करडा आणि मालाडचा पिवळसर दगड. इमारत 1914 साली तयार झाली, पण महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय होते. लोकांसाठी दारे उघडली 1922 मध्ये. पुढची बाग सुंदर आहे, पण फाटक सव्वादहाला उघडते. आम्ही रेलिंगमधूनच बघतो. आत जायचे असेल त्यांनी फेरी संपल्यावर परत यावे. उशिरा निघून सगळे एकदम करू म्हटले तर गेटवेची फरशी तापते आणि तिथे सावली नाही, हे आम्ही करून पाहिले आहे.

काळा घोडा भागातून के. दुभाष मार्गाने लायन गेटला जायचे. (कला महोत्सवाच्या दिवसांत हा रस्ता माणसांनी भरतो, तेव्हा मागच्या गल्लीने नेतो.) हे नौदल गोदीचे फाटक, दोन्ही बाजूंना सिंह. इथे फोटो काढायचा नाही, मोबाईल वर धरायचासुद्धा नाही. या भिंतीमागे वाडिया घराण्याने मलबारी सागाची जहाजे बांधली. 1817 साली पाण्यात उतरलेले त्यांचे 'ट्रिंकोमाली' इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगते आहे.

भिंतीच्या कडेकडेने हॉर्निमन सर्कल. इथे आपली मोठी विश्रांती, पंचवीस मिनिटे. कापसाच्या व्यापाराचे हे जुने मैदान, 1872 पर्यंत त्याची गोल बाग आणि भोवती कमानींच्या इमारती झाल्या. पूर्वीचे नाव एल्फिन्स्टन सर्कल. ते बदलून 'बॉम्बे क्रॉनिकल'च्या बेंजामिन हॉर्निमन या संपादकाचे नाव दिले, ज्याला 1919 मध्ये इंग्रज सरकारने हद्दपार केले होते. बाकावर बसण्याआधी वर बघा. झाडावर कावळे बसले असतील तर बाक बदला.

गोल बागेत दिशा हमखास चुकते, कारण सगळे रस्ते सारखेच दिसतात. खूण एकच: एशियाटिक ग्रंथालयाचे पांढरे खांब म्हणजे पूर्व. त्या बाजूने बाहेर पडा. एशियाटिकच्या तीस पायऱ्या चढणे ऐच्छिक आहे. पावसात आम्ही चढू देत नाही. पश्चिमेला सेंट थॉमस चर्च, चर्चगेटला नाव मिळाले ते या चर्चकडे येणाऱ्या वेशीवरून.

शेवटचा थांबा बॅलार्ड इस्टेट. अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, खणताना निघालेली माती समुद्रात टाकून ही 22 एकर जमीन केली. इमारतींची उंची आणि दर्शनी बाजू एकमेकींना धरून आहेत, कारण आखणीवर देखरेख पुन्हा विटेटचीच.

पायात जुने, सरावाचे बूट घाला. फोर्टमधल्या फुटपाथवर पेव्हर ब्लॉक उखडलेले असतात आणि नवीन चपलेचा अंगठा तिथेच तुटतो. माणशी एक लिटर पाणी पुरते, मेमध्ये दीड. स्वच्छतागृहाचे काम स्टेशनातच आटपून या. बाबागाडी चालते, पण फुटपाथ उंच आहेत, उचलायला दुसरा माणूस हवा. पावसासाठी फेरी रद्द होत नाही. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर तारीख बदलून देतो.

येताना सीएसएमटी किंवा चर्चगेटहून टॅक्सी घ्या. भुयारी मेट्रोने आलात तर हुतात्मा चौकाला उतरा. रविवारी रस्ते रिकामे मिळतात, पण ऑफिसे बंद म्हणून फोर्टातल्या नाश्त्याच्या गाड्याही बंद. खाऊन या, नाहीतर डबा आणा. बॅलार्ड इस्टेटहून सीएसएमटी पायी पंधरा मिनिटे. रविवारचा मेगाब्लॉक बहुधा दहा-अकरानंतर लागतो, म्हणून मध्य आणि हार्बरवाल्यांनी आदल्या दिवशी वेळ बघून ठेवावी आणि फेरी संपल्यावर चहाला रेंगाळू नये.